गाडीवर बसून घेतलेली जीन्स

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, चोपड्याजवळच्या एका केळीच्या बागेत मी ठिबकची नळी तपासायला उकिडवा बसलो आणि पँट आसनात टर्रकन फाटली. सोबत बागेचे मालक होते, त्यांचा सालदार होता आणि माझ्या हाताखाली नुकताच लागलेला एक मुलगा. शर्ट बाहेर काढला, बॅग पुढे घेतली आणि उरलेलं काम उभ्यानेच उरकलं. पँट चार महिन्यांची होती. तिच्या आधीची सहा महिने टिकली होती. त्याच्याही आधीची अशीच, मांडीला मांडी घासते तिथे विरून गेलेली. वर्षात तिसरी जीन्स, प्रत्येकी नऊशे-हजाराची.

माझं काम फिरतीचं. अमळनेरहून सकाळी निघायचं, एक दिवस धरणगाव-एरंडोल, एक दिवस पारोळा, आठवड्यातून दोनदा तापी ओलांडून चोपडा. रोज साठ-सत्तर किलोमीटर गाडी होते, मग बांधावरून चालणं, वाकणं, बसणं. त्यात केळीचा चीक. तो कपड्याला लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की तपकिरी-काळा पडतो, तो जन्माचा. साध्या सुती पँटवर तो डाग लपत नाही, गडद निळ्या जीन्सवर खपून जातो. माझ्या कामाला जीन्सच लागते. आणि पँट धड नसली की समोरच्या शेतकऱ्याशी बोलताना अर्धं लक्ष तिथेच राहतं, हे मी भोगलंय.

फाटलेली जीन्स घेऊन गल्लीतल्या टेलर आप्पांकडे गेलो. साठी ओलांडलेला माणूस, बोलणं अजून अहिराणीतलंच. ठिगळ लावून द्या म्हटलं. त्यांनी पँट उलटी केली, फाटलेली जागा खिडकीच्या उजेडात धरली, दोन्ही हातांनी ताणली आणि म्हणाले, "हाई कापड नई शे भाऊ, हाई रबर शे."

मग त्यांनी दाखवलं. फाटलेल्या जागी निळे धागे उरलेच नव्हते, नुसते पांढरे आडवे धागे शिडीसारखे लोंबत होते. जीन्सचं कापड उभ्या निळ्या आणि आडव्या पांढऱ्या धाग्यांचं असतं. निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, म्हणून वरची बाजू निळी दिसते आणि आतली पांढुरकी. घासलं जातं ते वर असलेलं निळं सूत. ते झिजलं की पांढऱ्यावर सगळा भार येतो. माझ्या पँटीत त्या पांढऱ्या धाग्याच्या पोटात लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, होता. मांडीवर बारीक लहरी आल्या होत्या, मधूनमधून केसासारखी पांढरी टोकं वर आली होती. मला वाटत होतं धुण्याने तसं झालं. आप्पा म्हणाले, आतला रबरी धागा तुटून वर येतो तेव्हा असं होतं. गरम पाणी, ब्लीच आणि कडक ऊन हे लायक्राचे वैरी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि आम्ही कपडे भर दुपारी गच्चीवर टाकतो, तेव्हा तो धागा किती दिवस तग धरणार?

ठिगळ लावायच्या आधी त्यांनी शिवणीच्या कडेच्या कापडातला एक धागा ओढून काडीपेटीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटाने चोळला तर राख होते. हा जळता जळता आक्रसला आणि टोकाला काळी टणक गोळी झाली. म्हणजे सुताबरोबर पॉलिस्टरही होतं. आतल्या बाजूच्या चिठ्ठीवर ते बारीक अक्षरात छापलेलंही होतं, मी कधी वाचलंच नव्हतं.

माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत, होते. दुकानात गेले की कापड उजेडाला धरायचे, नखाने सूत खरवडायचे, दुकानदार वैतागला तरी सोडायचे नाहीत. मी लहानपणी हे बघितलंय आणि लाजून बाहेर जाऊन उभाही राहिलोय. आप्पांच्या खिडकीत ती पँट उजेडाला धरलेली बघितली आणि आजोबांची फार आठवण आली. ज्या काळ्या मातीत आपण कापूस पिकवतो, त्याच कापसाचं कापड पारखायचं मात्र आमच्या पिढीने सोडून दिलं.

आप्पांनी सांगितलं तेवढ्यावर मी लगेच शहाणा झालो असं नाही. फोनवर शोधून शंभर टक्के सुती, १४ औंसाची जीन्स मागवली. डेनिमचं वजन औंसात मोजतात, एका चौरस यार्डाला किती औंस असं. एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम, तेव्हा १४ औंस म्हणजे पावणेपाचशे ग्रॅमच्या घरात. पँट आली ती उभी केली तर उभी राहील अशी. एप्रिलमध्ये पारोळ्याच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता ती घालून गाडी चालवली. गुडघ्यामागे कापड दुमडून रुतत होतं आणि मांडीला घामोळं आलं. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळायची नाही. कापडात काही खोट नव्हती, आपल्या हवेसाठी ते नव्हतं इतकंच. नाशिकला राहणाऱ्या धाकट्या भावाला दिली, तो थंडीत आनंदाने वापरतो.

ती देण्याआधी मी एक साधी गोष्ट केली होती. जुनी लायक्राची पँट आणि ती जाड पँट, दोन्ही किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. दोन्ही ३४ कमरेच्या. लायक्राची ५१० ग्रॅम भरली आणि जाड ८६०. मला मधली पाहिजे होती, पावणेसातशेच्या आसपास. कापड ११-१२ औंसांचं असलं की पँट साधारण तिथे बसते. दुकानात चिठ्ठीवर औंस लिहिलेले क्वचितच सापडतात, पण हातात तोलून हा अंदाज येतो, आणि एकदा काट्यावर खात्री केली की हात चुकत नाही.

मापाचं शिक्षणही आप्पांनीच दिलं. मी आयुष्यभर "३४ दाखवा" एवढंच म्हणत आलो होतो. त्यांनी तीन पँटी बाकावर सपाट पसरून टेप लावला. तिन्हींवर ३४ छापलेलं, आणि कंबर निघाली साडेचौतीस, साडेपस्तीस आणि छत्तीस. मग त्यांनी माझी एक जुनी टेरिकॉटची पँट काढायला लावली, जी मला बसायला-उठायला कधीच त्रास देत नाही. तिची मापं एका कागदावर लिहिली: कंबर, सीट, आसनाच्या एक इंच खाली मांडी, गुडघा, मोहरी, आतली लांबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आसनापासून नेफ्यापर्यंतची उंची, पुढची वेगळी आणि मागची वेगळी. माझ्या फाटलेल्या तिन्ही जीन्सची पुढची उंची जुन्या पँटीपेक्षा पावणेदोन इंचांनी कमी होती. गाडीवर बसलं की कंबर मागून खाली सरकायची, मी ती वर ओढायचो आणि सगळा ताण आसनातल्या चार शिवणी मिळतात त्या एका ठिपक्यावर यायचा. कापड हलकं होतंच, पण फाडलं ते या मापाने.

तो कागद मी अजून पाकिटात ठेवतो.

मे महिन्यात कागद आणि टेप घेऊन जळगावला गेलो. फुले मार्केटमध्ये पहिल्या दुकानात मुलाने ढीग टाकला, मी टेप काढला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, घालून बघा ना, मापतात कशाला, ताणते ती." ताणते म्हणूनच मापायचं होतं. लायक्राची पँट दुकानात सगळ्यांनाच बसते, दोन महिन्यांनी गुडघ्याला पोक येतो तेव्हा कळतं. दुसऱ्या दुकानात ट्रायल रूममध्ये बसायलाच जागा नव्हती. तिसरं दुकान लहान होतं, गल्ल्यावर वडीलधारे गृहस्थ होते. त्यांना सरळ सांगितलं, बिनलायक्राची, फार जाड नको, आसन उंच पाहिजे. त्यांनी वरच्या फळीवरून चार काढून दिल्या. "हा माल आता कोणी मागत नाही," म्हणाले.

चारही पँटी मी आधी उलट्या करून बघितल्या. हे मी आता कोणालाही पहिलं सांगतो, कारण बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आतली शिवण नुसती कडा गुंफून ओव्हरलॉक केलेली आहे, की कापड एकमेकांत दुमडून वरून दोन टिपा मारल्यात? दुमडलेली शिवण ताणाला टिकते. एका पँटीला टाके लांब होते, इंचात पाच-सहाच. दुसरीला खिशाचं अस्तर इतकं पातळ होतं की पलीकडची माझी बोटं दिसत होती, म्हणजे किल्ल्यांनी पहिल्याच पावसाळ्यात भोक. खिशाच्या कोपऱ्यांवर आणि पट्ट्याच्या लूपवर दाट आडवे टाके हवेत. तांब्या-पितळेचे रिव्हेट असतात तेही शोभेसाठी नाहीत. अमेरिकेत नेवाडातल्या जेकब डेव्हिस नावाच्या टेलरने मजुरांच्या पँटींचे खिसे उसवतात म्हणून कोपऱ्यांवर रिव्हेट ठोकले आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे जीन्स जन्मली तीच अंगमेहनतीच्या माणसासाठी. इंग्रजीतला डंगरी हा शब्दही मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून गेला. त्यामुळे जीन्स म्हणजे कॉलेजच्या पोरांचं फॅशन असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही.

उरलेल्या दोनांपैकी एक घालून मी गल्ल्यावरच्या काकांना विचारलं, बाहेर माझी गाडी आहे, त्यावर बसून बघू का? ते क्षणभर थांबले, मग पोराला म्हणाले, "जा, सोबत थांब." आप्पांनी मला निघताना बजावलं होतं, "आधी गाडीवर बठीसन दखा भाऊ, मंग पैसा द्या." बसलो. पाय खाली टेकवले, पुन्हा वर घेतले, मागे वळून बघितलं. मागून कंबर सरकली नाही. मांडीवर चिमूट धरली तर दोन बोटांत कापड आलं. मग रस्त्याच्या कडेलाच उकिडवा बसलो. लोक बघत होते, बघू दे. गुडघ्यावर कापड घट्ट झालं पण अडकलं नाही. कंबर एक इंच सैल होती. ती आप्पा मागच्या शिवणीतून आत घेऊ शकत होते. आसन आणि मांडी मात्र नंतर वाढवता येत नाही, म्हणून मी कंबरेकडे दुर्लक्ष केलं. साडेबाराशे रुपये दिले. घरी येऊन काट्यावर ठेवली, ६९० ग्रॅम.

लांबी चार इंच जास्त होती. आप्पांनी ती लगेच कापायला नकार दिला. दोनदा धुऊन आण म्हणाले, सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं, आधी कापली तर घोट्याच्या वर जाईल. दोन धुण्यांत लांबी पाऊण इंच आटली. पाणीही निळं झालं. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरच्या थरावरच बसते, म्हणून नवी जीन्स रंग सोडते आणि घासलं की पांढरी पडते. तेव्हापासून उलटी करून, थंड पाण्यात, ब्रश न लावता धुतो आणि सावलीत वाळवतो. घरात हे रुजवायला वेळ लागला. आई अजूनही म्हणते की ब्रशाशिवाय जीन्स निघतच नाही.

मोहरी दुमडताना आप्पांचं काम मी शेजारी बसून बघितलं. बाजूची शिवण जिथे दुमडीत येते तिथे कापडाचे सात-आठ थर होतात आणि सुई मोडते. त्यांनी मशीनला अठरा नंबरची सुई लावली, दुमड पाटावर ठेवली आणि लहान हातोडीने त्या गाठीवर चार ठोके मारले. थर दबले. मग पायडल न चालवता, हाताने चाक फिरवत तेवढे सहा टाके घातले आणि पुढची टीप मशीनवर मारली. कापलेले तुकडे मला परत दिले आणि म्हणाले, जपून ठेव.

पट्ट्याचंही असंच झालं, पण तिथे मी लवकर शिकलो. आधीचे दोन पट्टे एका उन्हाळ्यात भेगाळले, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. वर रेक्झिनची साल आणि आत चामड्याचा भुगा चिकटवलेला पुठ्ठा, एवढंच होतं ते. आता एकसंध चामड्याचा घेतला, तोही आमच्या स्टँडजवळच्या चर्मकार दादांनी समोर कापून, भोकं पाडून दिला. बघायची खूण एकच, कापलेली कड. एकजीव असेल तर एकच थर दिसतो, चिकटवलेला असेल तर रेषा दिसतात. बक्कल टाक्यांऐवजी स्क्रूने बसवून घेतलं, बदलता येतं. खर्च साडेतीनशे. पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आणलं, कंबर दुखायची थांबली आणि मागचा खिसाही झिजत नाही. बॅग कॅनव्हासची, पट्ट्याच्या मुळाशी चौकोनात फुली मारून शिवलेली.

यंदा जूनमध्ये, म्हणजे एक वर्ष आणि एका महिन्याने, आसनाच्या डाव्या बाजूला निळं सूत विरळ झालेलं दिसलं. पांढरं दिसायला लागायच्या आतच आप्पांकडे नेली. त्यांनी तो जपून ठेवलेला मोहरीचा तुकडा आतून लावला आणि वरून बारीक, जवळजवळ टिपा मारल्या. बाहेरून हात फिरवला तरच कळतं. चाळीस रुपये मागितले, मी पन्नास दिले तर दहा परत केले. दुसरा तुकडा अजून कपाटात आहे, उजव्या बाजूसाठी.