आमची वाटचाल : चार किलोची पिशवी

वडिलांचं फोंड्यात सिमेंट-सळ्यांचं दुकान. मी बसायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारायचं, भाव काय आणि माल कधी पोचेल. काँक्रीट किती वर्षं टिकेल, हे कुणी काढत नसे. गोव्यात खरं तर काढायला हवं होतं. १९७० साली खुला झालेला मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तो आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. किनाऱ्यावरच्या घरांत तेच सावकाश घडतं. खाऱ्या हवेतले क्लोराइड, म्हणजे मिठाचे अंश, काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळीपर्यंत पोचतात, गंजलेली सळी फुगते, खांबाला उभी चीर पडते आणि कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, सुटून येतं. मग प्लास्टर मारून वरून रंग देतात.

या दुरुस्त्यांना माल पुरवतानाच आम्ही मायक्रोसिलिकाकडे वळलो. फेरोसिलिकॉन या लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या विद्युत भट्ट्यांतून निघणाऱ्या धुरातून गाळून घेतलेली ही करडी भुकटी. सिमेंटच्या कणापेक्षा तिचा कण सुमारे १०० पट बारीक. पोह्यांच्या डब्यात रवा ओतला की तो फटींत जाऊन बसतो, तसा हा कण सिमेंटच्या कणांमध्ये शिरतो. एवढ्यावर थांबत नाही. सिमेंट पाण्याशी मिळताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी संयोग पावून सिलिका आणखी बांधणारा पदार्थ तयार करते. छिद्रं बुजतात, मिठाला फारशी वाट उरत नाही. ताकदही वाढते, पण आमच्या किनाऱ्याला गरज आहे ती घट्टपणाची, असं माझं मत.

विकणं सोपं नव्हतं. भाव सिमेंटच्या कितीतरी पट. एका जुन्या मिस्त्रींनी पिशवीत बोट घालून विचारलं, ‘‘बाब, सिमेंटात राख घालायला सांगता?’’ त्यांची खरी अडचण पुढे कळली. या मिश्रणावर पाणी सुटून वर येत नाही, मिश्रण थापीला चिकटतं, म्हणून गवंडी हळूच एक डबा पाणी वाढवतो. तिथेच सगळा खर्च बुडाला! बारीक भुकटीला पाणी जास्त लागतं, ते सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन, घालून टाळायचं असतं. आणि वर पाणी येत नसल्यामुळे एप्रिल-मेच्या वाऱ्यात पृष्ठभाग लगेच सुकून तडकतो. फिनिशिंग होताच ओलं गोणपाट टाकलंच पाहिजे.

माल येतो मोठ्या गोणींत, साइटवर मोजतो कोण? आम्ही ४ किलोच्या पिशव्या भरायला सुरुवात केली: ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला एक, म्हणजे ८ टक्के. धंदा खरा या पिशवीने उभा केला. पिशवीबरोबर आमचा माणूस पहिल्या स्लॅबला जातो. आधी खडी, मग पिशवी, मिक्सर नीट फिरू द्यायचा, म्हणजे दाबून केलेले गोळे फुटतात. हाताने कालवणाऱ्याला आम्ही माल देत नाही. वाईटपणा येतो, येऊ दे.

सगळ्यांना घ्याच असंही सांगत नाही. सत्तरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या घराला फ्लाय-ॲशचं (कोळशाच्या राखेचं) सिमेंट, कमी पाणी आणि नीट क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, पुरतं. समुद्राचे तुषार उडतात तिथे मात्र आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिताच किमान एम ३५ ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत आणि ५० मिलिमीटर कव्हर मागते. भुकटी त्यावरची भर, त्याऐवजी नव्हे. आणि आधीच गंजलेल्या सळीला तिचा काही उपयोग नाही, ती उघडी करून साफ करावीच लागते.

आता कुंडईला छोटा शेड आहे. आरएमसीवाले (तयार काँक्रीट पुरवणारे) थेट घेतात, मासेमारीच्या जेट्टींची कामं येतात. पावसात मागणी थंडावते, तेव्हा ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, क्युब, भरून ठेवतो आणि चकत्या कापून क्लोराइडच्या चाचणीला पाठवतो. ६० व्होल्टवर सहा तासांत चकतीतून गेलेला विद्युतभार १,००० कूलोंबच्या आत, म्हणजे मिठाला वाट फारच कमी, असा निकाल आला की तो कागद ठेकेदारापुढे ठेवायचा. भावाची घासाघीस त्यानंतरही होतेच.