देशाची कविता, आठ अक्षरांत

उंच उंच हिमालय
खाली वाहे गंगा नदी

मोजून पाहा. दोन्ही ओळींत बरोबर आठ अक्षरं, चौथ्या अक्षरावर विसावा, म्हणायला एकदम सोपं. आणि तरी यात काहीच नाही. हिमालय उंच आहे आणि नदी वाहते, एवढं सांगायला कविता कशाला हवी? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला म्हटल्या जाणाऱ्या ‘आपला देश’ छापाच्या बहुतेक बालकवितांचं दुखणं हेच. नावं सगळी येतात, दिसत काहीच नाही.

मुलांसाठी प्रदेशांची कविता लिहिताना मी एकच अट लावते. त्या जागेची अशी एक गोष्ट घ्यायची जी तिथे घडते आणि दुसरीकडे तशी घडत नाही, आणि ती विशेषणातून न सांगता क्रियापदातून सांगायची. ‘नाचे, डोले, हासे, गाई’ ही चार क्रियापदं लिहिण्याआधीच खोडून टाका. ती कोणत्याही नदीला, झाडाला, शेताला चालतात, म्हणून कोणाचीच नसतात.

सुरुवात पायाखालून करावी. नागपूरच्या पश्चिमेला काळ्या कातळाची, कपाशीची काळी माती. या मातीत चिकणमातीचा अंश इतका असतो की ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून फाटते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. ही झाली घडणारी गोष्ट. आता अष्टाक्षरीत बसवू.

उन्हामध्ये काळी माती
भेगाळून वाट पाही
पहिल्याच सरीसाठी
तोंड उघडून राही

आठ-आठ अक्षरं आहेत, यमकही आहे. पण तीस मुलांना टाळीवर एकत्र म्हणायला लावा, चौथ्या ओळीत गाडी घसरते. अष्टाक्षरीत मुलं चौथ्या अक्षरावर आपोआप थांबतात, त्यामुळे ऐकू येतं ‘तोंड उघ, डून राही’. पहिल्या तीन ओळींत शब्द चारावर संपतो (उन्हामध्ये, भेगाळून, पहिल्याच), इथे तो मधोमध तुटतो. मोठ्यांच्या कवितेत हे खपतं, समूहगानात नाही. बदल छोटासा:

आ वासून तशी राही

‘आ वासून’ चार अक्षरं, शब्द मधोमध तुटत नाही. वर ‘आ’ म्हणताना मुलांचं तोंड खरोखर उघडतं, हा फुकटचा फायदा.

अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. ‘न्हा’ एक, ‘ध्ये’ एक. मात्रावृत्तात, म्हणजे अक्षरांऐवजी मात्रा मोजायच्या रचनेत, गेलात तर मात्र सावध राहा. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू (दोन मात्रांचं) होतं हा नियम ‘उन्हा’, ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ यांना लागत नाही, कारण तिथे आघात येत नाही. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी मी तरी अष्टाक्षरीच सुचवेन. मुलंसुद्धा बोटांवर मोजू शकतात, आणि मोजायला फार आवडतं त्यांना.

प्रदेशांची नावं बसवणं हा वेगळा खेळ आहे. राजस्थान, मेघालय, हिमाचल, लडाखात, केरळात, ब्रह्मपुत्रा ही सगळी चार अक्षरांची, अर्ध्या ओळीत चपखल. तमिळनाडू, अरुणाचल, गडचिरोली पाच अक्षरांची, म्हणजे विसावा मोडणार. सुंदरबनही पाचाचं; तिथे ‘खारफुटी’ घ्या. चार अक्षरं, शिवाय चित्र जास्त नेमकं. भरतीच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती बोटभर वर डोकावतात, नाक वर काढल्यासारखी. नावासाठी ओळ ओढूनताणून लांबवण्यापेक्षा जागेचं नाव गाळून तिथली गोष्ट ठेवलेली बरी.

मेघालयाचं एक कडवं उदाहरणाला देते. तिथले खासी लोक ओढ्याच्या काठी रबराचं झाड लावून त्याची मुळं पलीकडच्या काठापर्यंत वळवत नेतात. आपल्याकडे कुंडीत रबरप्लांट म्हणून लावतात तेच हे, वडाच्या कुळातलं. मुळं रुजून जाड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, मग त्यावरून माणसं ये-जा करतात.

मेघालयी ओढ्यावर
पूल नाही बनवला
रबराच्या मुळांतून
हळूहळू वाढवला

सगळी मजा ‘बनवला’ आणि ‘वाढवला’ या दोन क्रियापदांत आहे, आणि यमकही त्यांचंच. यमकाचे शब्द असे अर्थाचे वजनदार असले की पाठांतर आपोआप होतं. ‘छान-मान-शान’ जोडलेलं कडवं मुलं सगळ्यात आधी विसरतात.

आता सांगाडा. पाच-सहा प्रदेश नुसते एकाखाली एक ठेवले तर ती यादी होते आणि मुलं कडव्यांचा क्रम हमखास चुकवतात. नागपूरकरांना झिरो माईलच्या स्मारकावरून सुरुवात करायचा मोह होतो. दगडी खांब आणि घोडे चित्रात छान दिसतात, कवितेत ते काही करत नाहीत. रेल्वे करते. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणजे चार दिशांच्या चार खिडक्या आयत्या मिळतात. पूर्वेला गोंदियाकडे धानाच्या बांध्या (भाताची खाचरं) आणि तळी, पश्चिमेला वर्ध्याकडे पऱ्हाटी (कपाशी), उत्तरेला बैतूल ओलांडून इटारसीकडे उतरताना सातपुड्याचे बोगदे, दक्षिणेला बल्लारशाकडे कोळसा आणि जंगल. प्रत्येक खिडकीला एक कडवं, मध्ये दोन ओळींचं धृपद. एवढ्यात कविता उभी राहते.

पण माझं मत पाण्याला. नागपुरात पडलेला पाऊस कुठल्या समुद्रात जातो, असं विचारा. मुलं मुंबईचा समुद्र सांगतील, कारण त्यांनी तोच पाहिलेला असतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेला वर्धा भेटली की पुढे नाव प्राणहिता. सिरोंचाजवळ ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. याला भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातल्या मुलींच्या सणाच्या, गाण्यांतली साखळी फार शोभते. एका ओळीच्या शेवटी आलेली वस्तू पुढच्या ओळीच्या तोंडी.

नाग गेली कन्हानला
कन्हानची वैनगंगा
वैनगंगा प्राणहिता
प्राणहिता गोदा, सांगा

नावांची यादी नको असं वर म्हटलं आणि इथे नावांशिवाय काहीच नाही, हे मान्य. फरक असा की इथे प्रत्येक नाव पुढे जाण्याचं काम करतं. एक गाळलं तर नदी तुटते, म्हणून मुलं गाळत नाहीत. शेजारी मेळघाटाचं कडवं ठेवलंत तर गंमत वाढते, कारण तिथलं पाणी तापीतून उलट्या बाजूला, अरबी समुद्राकडे जातं.

चुका होतात त्या बहुतेक ऋतूंच्या. मे महिन्याच्या कडव्यात पिकलेली संत्री लटकवू नका. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेली) फळं दिवाळीच्या आसपास आणि पुढे उतरतात, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) फेब्रुवारीपासून. कडक उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडावर पिवळं काही नसतं. पळस होळीच्या सुमाराला फुलतो, श्रावणात नाही. कच्छचं रण पांढरं दिसतं ते हिवाळ्यात, पावसाळ्यात तिथे पाणी असतं. नर्मदा हिमालयातून आणायची नाही, ती अमरकंटकची. लडाखात ढगांची गर्दी नको. डोंगराच्या आड असल्याने पाऊस तिथे पोचता पोचता संपलेला असतो, शेत भिजतं ते हिमनदीच्या वितळलेल्या पाण्यावर. पाचवीतलं एखादं चलाख पोर भर कार्यक्रमात हे बोलून दाखवतं, म्हणून आधीच तपासा.

बोलीतले शब्द घाबरून काढू नका. बांधी, बोडी (लहान तळं), धुरा, पऱ्हाटी, मोह (झाड) हे शब्द मुलांनी घरात ऐकलेले असतात, आणि ‘शेताचा बांध’पेक्षा ‘धुरा’ दोन अक्षरांत काम करतो. मात्र एका कडव्यात एकच अनोळखी शब्द, आणि तो ओळीच्या सुरुवातीला नको. मुलं त्यावर अडखळली की पुढची सगळी अक्षरं वाहून जातात.

लांबी: पहिली-दुसरीला आठ ओळी, तिसरी-चौथीला सोळा ते वीस. अष्टाक्षरीची ओळ सावकाश म्हटली तर तीनेक सेकंद घेते. पाच कडवी म्हणजे साधारण एक मिनिट. स्नेहसंमेलनात यापेक्षा लांब गेलं की मागच्या रांगेतली मुलं एकमेकांना ढोसायला लागतात.

शेवटची तपासणी वहीत होत नाही. ती जागा न पाहिलेल्या मुलाला कडवं दोनदा ऐकवा आणि चित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली निळी रेघ आली, तर कडवं गेलं कचऱ्यात. मेघालयाच्या कडव्यावर सिमेंटचा पूल आणि बाजूला झाड निघालं, तर दोष बहुधा कवितेचा नसून म्हणण्याचा असतो. ‘नाही’ घाईत निसटलेलं असतं. तिथे चारावर पूर्ण थांबायला लावा, मग ‘बनवला’ म्हणायचं, आणि नवा कागद द्यायचा.