गोल काढायला गेलं की अंडं

आम्ही केंटकीत राहतो, लुईव्हिलला. इथून गाडीने साडेतीन तासांवर पडूका आहे, तिथे गोधड्यांचं आख्खं म्युझियम आहे, नॅशनल क्विल्ट म्युझियम, १९९१ पासूनचं. तिथे गेले नसते तर हे लाँगआर्मचं, म्हणजे फ्रेमवर चालणाऱ्या गोधडी शिवायच्या मोठ्या मशीनचं, खूळ डोक्यात शिरलंच नसतं. गेले, येड लागलं, आणि मागच्या हिवाळ्यात एका बाईंकडून सेकंडहँड मशीन घेतलं. घरच्या मशीनवर आपण कापड सरकवतो, इथे उलटं, कापड दोन बाजूंच्या रोलरवर ताणून बसवायचं आणि दोन हँडल धरून मशीनच त्याच्यावर फिरवायचं. मशीन चाकांवर एका कॅरेजवर बसतं, ते मागेपुढे जातं, आणि कॅरेज स्वतः फ्रेमच्या ट्रॅकवर डावीउजवीकडे जातं. माझी फ्रेम १२ फुटी, बेसमेंट निम्मं तिनेच खाल्लंय.

पहिले दोन महिने हनिमून. मग हळूहळू हात दुखायला लागले. डावीकडून उजवीकडे मशीन लोण्यासारखं जायचं पण मागेपुढे ढकललं की जड, मध्येच अडकायचं आणि जरा जोर लावला की टुणकन उडी. तिरकी रेघ मारली की पायऱ्या, गोल काढायला गेलं की अंडं. आणि टाके! माझ्या मशीनला स्टिच रेग्युलेटर आहे, म्हणजे हात हळू तर सुई हळू, हात जोरात तर सुई जोरात, पण मशीन अडकून एकदम उडी मारतं तेव्हा तो बिचारा काय करणार, चार टाके मोहरीएवढे आणि पाचवा गव्हाएवढा.

मला वाटलं माझाच हात बसला नाही अजून. आठवडाभर कागदावर पेन्सिलने गोल गिरवले, सुई बदलली, दोरा बदलला. मग एक गाढवपणा केला, गंजलेल्या बिजागरीवर मारतात तो स्प्रे चाकांवर मारला. दोन दिवस झकास आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट, कारण तेलाला सगळा कापसाचा भुगा चिकटून ट्रॅकवर काळी पेस्ट झाली. तेल हुकला (सुईखाली दोरा पकडणारा फिरता भाग) घालायचं असतं, चाकांना नाही, त्यांची बेअरिंग बंद असतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, पण मॅन्युअल वाचतो कोण. टेक्निशियनला फोन केला तर त्याच्या येण्याजाण्याचेच पैसे ऐकून म्हटलं आधी स्वतः बघू.

शेवटी नवरा म्हणाला, गोधडी काढ आणि रिकामं चालवून बघ, कळेल तरी दोष कापडाचा की मशीनचा. गोधडी काढली, केबल पण सोडवल्या, एका बोटाने ढकललं. तरी जड. म्हणजे मशीनचाच. मग दोघांनी मिळून मशीन उचलून टेबलावर ठेवलं (एकटीने अजिबात उचलू नका, आमची दोघांची कंबर बोलली) आणि नुसतं कॅरेज फिरवलं तर ते फुंकर मारली तरी पळत होतं. म्हणजे दोष मशीनखालच्या चार चाकांत.

मशीन आडवं करून टॉर्च मारला. पुढच्या डाव्या चाकाच्या आणि बोल्टच्या मध्ये दोरा गुंडाळलेला, इतका घट्ट की नुसता बघून वॉशरच वाटेल. सीम रिपरच्या (टाके उसवायचं हत्यार) टोकाने उचकटून चिमट्याने ओढत बसले, अर्धा तास लागला, आणि निघाला तो गुलाबी दोरा. मी आजवर गुलाबी दोरा वापरलेलाच नाही! म्हणजे आधीच्या बाईंच्या काळापासून तो तिथे बसला होता, माझा पांढरा त्याच्यावर चढत गेला. चारही चाकं साफ केली, ट्रॅक रबिंग अल्कोहोलने पुसले, तीन फडकी काळी झाली.

आता ९० टक्के मोकळं झालं, पण एक गोष्ट खटकत होती. मशीन मध्यावर आणून हात सोडला की आपोआप मागे उजवीकडे सरकायचं. आणि कॅरेजचं एक चाक बोटाने सहज गरगर फिरत होतं, म्हणजे ते ट्रॅकला टेकतच नव्हतं, भार बाकीच्या तिघांवर. इथे मला आमचे बाबा आठवले. बाबांची सांगलीत बांधकामाची कामं असायची, लहानपणी लेव्हल ट्यूबचं, म्हणजे पातळी बघायच्या पाण्याच्या नळीचं, एक टोक धरून उभं राहायची ड्युटी माझी. दुकानातून फिशटँकची पारदर्शक नळी आणली, पाण्यात चिमूटभर हळद घातली म्हणजे नीट दिसावं, आणि एक टोक नवऱ्याकडे देऊन फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना पाणी बघितलं. मागचा उजवा कोपरा जवळजवळ अर्धा इंच खाली! बेसमेंटची जमीन ड्रेनच्या बाजूला उतरती असते हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मधला पाय तर हवेतच, त्यामुळे १२ फुटांत फ्रेम पोटात किंचित झोललेली. पायांचे बोल्ट फिरवून सगळं एका पातळीत आणलं, मग दोन्ही कर्ण टेपने मोजून काटकोन बघितला. ते चाक टेकलं. हात सोडला की मशीन जागच्या जागी.

पेढे वाटायच्या बेतात होते, गोधडी परत चढवली, वरचा अर्धा भाग फर्स्टक्लास झाला आणि खालच्या अर्ध्यात परत जड. मी रडायचीच बाकी. पण या वेळी निदान माहीत होतं की रिकामं मशीन मोकळं चालतं, म्हणजे दोष गोधडीच्या बाजूला. वाकून आत बघितलं तर झालेली गोधडी ज्या रोलरवर गुंडाळत जाते तो जाड होत होत मशीनच्या खालच्या बेडला घासत होता. तो रोलर मधूनमधून उचलायचा असतो, दोन बोटं सहज जातील एवढी फट ठेवायची. एक खाच वर घेतला, काम झालं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचं पहिलं वाक्य, "अगं एवढी ताणलीस कशाला, गोधडी आहे का पापड वाळत घातलाय?" तिने जन्मभर जमिनीवर अंथरून, गुडघ्यावर बसून लुगड्यांच्या गोधड्या धावदोऱ्याने शिवल्या. हसले, पण तिचं बरोबर होतं, मी ढोलकीसारखं ताणलं होतं त्यामुळे सुई वाकत होती. आता खालून बोट लावलं तर ते बोट वरून कापडातून चिमटीत धरता येईल इतपत सैल ठेवते.

एक टकटक राहिलीये अजून, कॅरेज डावीकडे गेलं की ठरावीक अंतरावर. एका चाकावर चपटा डाग पडलाय, मशीन त्या बाईंकडे वर्षानुवर्षं एकाच जागी उभं होतं. नवीन चाक मागवलंय, बुधवारी येईल. तोवर सरळ रेघांच्या नादाला लागत नाही, नुसती वळणं काढत बसलेय.