पन्हाळा ते पावनखिंड: सायकलच्या चाकांखालचा जांभा

१६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या बाजूने विशाळगडाकडे निघाले, तो हा मुलूख. मसाई पठार, मग वाड्यावस्त्या, दाट झाडी आणि शेवटी बाजीप्रभूंची पावनखिंड.

इथे खरी परीक्षा टायरची. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या लाल सच्छिद्र दगडाच्या, कडा धारदार असतात, म्हणून ४० मिमीपेक्षा अरुंद टायर नकोच, ४५ उत्तम. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर ७० किलोच्या स्वाराने पुढे २८-३०, मागे ३२-३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा ठेवावी. जास्त भरली तर हात बधिर होतात आणि चढावर मागचं चाक घसरतं. फार कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते. प्रत्येक टायरात ६०-८० मिली सीलंट (छोटी भोकं आतून बुजवणारा द्रव) घाला. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, निघण्यापूर्वी तपासाच. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तर सीलंटचा उपयोग नाही. टायरला आतून लावायचा तुकडा आणि एक जादा ट्यूब हवीच.

पठार संपल्यावर कुंभारवाडीकडची उतरण खडकाळ आहे. तिथे उतरून सायकल हातात धरावी, त्यात कमीपणा नाही. पुढचे चढ चढायला पेडलजवळची चकती ३० दातांची आणि मागची सर्वांत मोठी निदान ३४ ची असावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. पावसात लाल चिखल चाक आणि फ्रेममध्ये अडकून चाकच थांबतं, ब्रेकपॅडही झपाट्याने झिजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार फुलतं, तेव्हा गेलात तर मळलेली वाट अजिबात सोडू नये. खिंडीत मात्र सायकल वर ठेवून पायीच उतरायचं.