दहाव्या आज्ञेला साक्षीदार नसतो

खुनाला प्रेत असतं, चोरीला मुद्देमाल असतो, खोट्या साक्षीचा निदान कोर्टात कागद तरी राहतो. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी दहाव्या आज्ञेचं तसं नाही. शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको, असं देव सांगतो आणि तो धरला की नाही हे बघायला त्याच्याशिवाय कुणीच हजर नसतं. आमच्या तासगाव तालुक्यात कुणी बांध कोरला तर मोजणी आणता येते. बांधावर उभं राहून पलीकडच्या द्राक्षबागेकडे नुसतं बघत राहणाऱ्यावर कसली मोजणी आणणार?

निर्गमाच्या पुस्तकात ही यादी घरापासून सुरू होते. पुढे चाळीस वर्षं रानात काढून इस्राएल लोक यार्देन नदीच्या अलीकडे येऊन थांबतात, तिथे त्यांचा पुढारी मोशे त्याच आज्ञा पुन्हा सांगतो. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली ती यादी सावकाश वाचली तर त्यात एक वस्तू वाढलेली दिसते. शेत. रानात तंबू ठोकून राहणाऱ्याला शेजाऱ्याचं शेत कुठून दिसणार? आता मात्र नदीपलीकडे जमीन मिळणार होती, वाटण्या होणार होत्या. वाटणी झाली की भावाभावांत काय होतं हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको.

शब्बाथशाळेत आम्हाला दहाही आज्ञा पाठ होत्या. दहावी शेवटी यायची, तोवर पोरांचं लक्ष घंटेकडे लागलेलं असायचं. रोमन कॅथलिक मंडळी मोजणी वेगळी करतात, त्यांच्याकडे लोभाच्या नववी आणि दहावी अशा दोन आज्ञा होतात. मला ते बरं वाटतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चांगला ख्रिस्ती ओळखायची मापं ठरलेली आहेत : दारू नाही, तंबाखू नाही, रविवारी रानात काम नाही. (फळछाटणीनंतर ढग आले आणि फवारणी निकडीची झाली की या शेवटच्या नियमाचं काय होतं, ते बागवाल्यांना खासगीत विचारा.) ही मापं वाईट नाहीत. दारूने बुडालेली घरं मी पाहिली आहेत. पण ती सगळी बाहेरून घेता येतात.

येशूकडे धावत आलेल्या त्या श्रीमंत माणसाचं असंच होतं. येशू त्याच्यासमोर आज्ञा घेतो : खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, आईबापांचा मान. लोभाचं नावही घेत नाही. माणूस म्हणतो, हे सगळं मी लहानपणापासून पाळलंय, आणि ते खरंच असावं, कारण मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. मग येशू त्याला सगळं विकायला सांगतो. वगळलेली आज्ञा तिथे उघडी पडते. प्रेषित पौलाचंही तेच. फिलिप्पैकरांना पत्र लिहिताना तो नियमशास्त्राच्या बाबतीत स्वतःला निर्दोष म्हणवतो. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मात्र, पाप म्हणजे काय ते मला कशामुळे कळलं हे सांगताना, त्याला दहांतली एकच आज्ञा सापडते, लोभाची. नियमशास्त्र काटेकोर पाळणारा एवढा मोठा परूशी, आणि अडकला तो जिथे साक्षीदार नव्हता तिथे.

अहाब राजाची गोष्ट तर द्राक्षवाल्यांचीच आहे. इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा होता. अहाबाला तो हवा होता, आणि कशाला, तर भाजीचा मळा करायला! उभी द्राक्षबाग तोडून भाजी लावणारा माणूस आमच्याकडे वेड्यात निघेल. त्याने दिलेला सौदा तसा वाईट नव्हता : याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. मग राजा घरी जाऊन बिछान्यावर आडवा झाला, तोंड फिरवलं, जेवेना. त्याने केलं ते एवढंच. गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं राणी ईजबेलने लिहिली, शिक्का राजाचा वापरला. दोन लबाड साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार झाली. अहाबाचे हात स्वच्छ. पण देवाचा संदेष्टा एलीया येतो तो ईजबेलकडे नाही, मळ्यात उतरलेल्या अहाबाकडे, आणि खून करून वर वतनही घेतलंस का, असं त्यालाच विचारतो. तोंड फिरवून पडून राहणं हे देवाच्या हिशेबात धरलं गेलं होतं.

(लोभाला डाऊनीची, म्हणजे द्राक्षाच्या पानावर पडणाऱ्या बुरशीच्या रोगाची, उपमा मी देणार नाही. आमच्या पाळकसाहेबांनी ती इतक्यांदा दिली आहे की आता उपदेशात पान निघालं की मागच्या बाकावरचे फवारणीचं बोलायला लागतात.)

माझी स्वतःची अडचण प्रार्थनेत आहे. मण्यांत पाणी उतरलेलं असतं, शेडवर पहिला बेदाणा पडलेला असतो आणि पश्चिमेकडून आभाळ भरून येतं. अशा वेळी मी काय म्हणतो? प्रभू, हे आमच्यावरून जाऊ दे. एकदा बायको शेजारीच बसली होती, ती म्हणाली, ‘अहो, जाऊ दे म्हणजे कुठं? सावळजला माझ्या भावाची बाग हाय.’ हसण्यावारी नेलं आम्ही. पण तेव्हापासून ती प्रार्थना तोंडातून सरळ निघत नाही. पाऊस कुठे ना कुठे पडणारच, तो माझ्यावर न पडता दुसऱ्यावर पडावा हे मी देवाच्या नावाने मागत होतो. नाशिककडे गारपिटीची बातमी आली की बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला दर चढण्याची चर्चा सुरू होते. त्यात वाईट माणूस कुणी नाही, एकमेकांच्या मयताला धावून जाणारी माणसं आहेत. माझ्याही मनात आधी दर येतो आणि मग त्या शेतकऱ्याचं कर्ज. हा क्रम मी ठरवून लावलेला नाही, आणि ठरवून तो उलटाही करता येत नाही. करून बघितलंय.

दर रविवारी पापांगीकारात आपण विचार, उच्चार आणि आचार असं म्हणतो. विचार पहिला आहे, पण तो शब्द आपण इतक्या घाईने म्हणतो की आठवतात ती आचारातलीच पापं. मी आता विचारापाशी थांबतो. ग्रुपवर काय वाचलं आणि मनात काय आलं, ते नावगावासकट देवाला सांगतो. त्याने मन बदलतं असा माझा दावा नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात नवं हृदय देण्याचं वचन आहे, तिथे सगळं देवच बोलतो : मी देईन, मी काढून टाकीन, मी घालीन. माणसाच्या वाट्याला तिथे एकही क्रियापद उरत नाही. हिशेबी माणसाला हे पचत नाही. मी किती घालायचे आणि किती निघणार, ही सवय बागेने लावलेली.

अहाबाच्या गोष्टीचा शेवट सहसा उपदेशात येत नाही. एलीयाचं ऐकून अहाबाने वस्त्रं फाडली, गोणपाट नेसला, उपास केला. आणि देव एलीयाला म्हणतो, बघितलंस का, कसा नमलाय तो? त्याच्यावरचं अरिष्ट देव त्याच्या हयातीपुरतं थांबवतो. पाळकसाहेबांचं म्हणणं, ती शिक्षेची भीती होती, पश्चात्ताप नव्हे, नाहीतर त्याने मळा नाबोथाच्या माणसांना परत केला असता. मळ्याबाबत त्यांचं बरोबर आहे, परत दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण गोणपाटाच्या आत काय होतं हे ना त्यांना दिसलं, ना मला. ज्याला दिसलं त्याने मुदत दिली. यावर आमचं अजून एकमत नाही, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, अभ्यासाला ही गोष्ट असलेला पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय घ्या, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.