कात्री आणि शेवटची ओळ

मासिकाकडे आलेल्या कविता मी निवडते. सर्वांत जास्त येतात त्या दुखावलेल्या नात्यांवरच्या, आणि त्यांत फुटका आरसा, गंजलेलं कुलूप नाहीतर उसवलेली शिवण ठरलेली. चौथ्या ओळीपर्यंत आरसा गायब होतो आणि उरतं ते रडगाणं. वस्तू म्हणजे दुःख अडकवायची खुंटी, एवढंच.

बहिणाबाईंचा तवा खरोखर तापतो. आधी हाताला चटके, मग भाकर. संसाराबद्दलचं म्हणणं त्या क्रमातच आलं. इंग्रज कवी जॉन डनने विरहाच्या कवितेत वर्तुळ काढायचा कंपास घेतला. ती छापली गेली १६३३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. फिरणारा पाय लांब जाईल तसा रोवलेला पाय त्याच्याकडे झुकतो. कंपास हातात धरून कुणीही हे पडताळून पाहावं.

त्या दिवशी गठ्ठ्यात कात्रीवरची कविता निघाली. बोलणारी डावखुरी, घरातल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. "कात्री चांगली आहे, तुलाच धरता येत नाही," असं तिला कुणीतरी सतत सांगतंय. कोण, ते कवितेत नाही. मी ड्रॉवरमधली कात्री काढली, डाव्या हातात धरली आणि एक जुनं प्रूफ कापायला घेतलं. कागद कापलाच जाईना, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसला. उजव्या हाताचा अंगठा दाबताना पाती एकमेकांवर घट्ट बसवतो. डाव्या हातात तोच दाब त्यांच्यात फट पाडतो. शिवाय वरचं पातं कापायची रेघच झाकतं. कात्री उलटी करून बघितली, तरी तेच. म्हणजे जितका जोर लावावा तितकं बिघडणार! हे सगळं कवितेत सहा ओळींत, एकही विशेषण न वापरता आलं होतं. आणि शेवटी: 'आपलं नातंही असंच.'

माझे सहकारी म्हणाले, पात्यांचा तांत्रिक भाग काढा, शेवटची ओळ राहू द्या, वाचकाला तेवढीच कळते. वाचकाला मठ्ठ समजायची ही खोड आमच्या धंद्यात फार जुनी आहे. मी नेमकं उलट ठरवलं आणि कवयित्रीला फोन केला.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, ती ओळ वाईट आहे, मला माहीत आहे. पण ही कविता आईवर आहे. लहानपणी पेन्सिल डाव्या हातात घेतली की ती काढून उजव्या हातात द्यायची. ती तुमचं मासिक वाचते. ती ओळ काढली तर तिला ही कात्रीची कविता वाटेल."

मी तोवर ती नवऱ्यावरची धरून चालले होते. बहुतेकांनी धरली असती, आणि त्यात कवितेचं काही बिघडतही नव्हतं. पण वाईट ओळ एका माणसासाठी गरजेची असेल, तर संपादकाने कुणाची बाजू घ्यायची? कविता म्हणून माझं मत आजही तेच आहे: ओळ नको. तरी मी ती ठेवली. सहकाऱ्यांना वाटलं, त्यांचं पटलं. मीही खुलासा केला नाही.

पुढच्या अंकासाठी एक छत्रीची कविता आली. शेवटी तीच ओळ, जवळजवळ शब्दशः. ती मी त्याच दिवशी साभार परत पाठवली. ती कुणासाठी होती, हे विचारायला फोन मात्र केला नाही.