मिरची कमी करण्याआधी

ब्रिटनमधील एका घाऊक ग्राहकाने आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या खेपेविषयी पाठवलेली तक्रार अगदी त्रोटक होती. आधीच्या खेपेचा वास 'पंजंट' होता आणि तो त्यांच्या गिऱ्हाइकांना आवडला होता. या खेपेचा वास मात्र 'ॲक्रिड' असून डबा उघडताच घसा खवखवतो, एवढेच त्यांनी लिहिले होते. कोल्हापूर भागातील एका मसाला कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी संवेदी परीक्षणाचे, म्हणजे माणसांच्या नाकाने आणि जिभेने माल पारखण्याचे काम पाहते. सकाळच्या बैठकीत ही तक्रार वाचली गेली, तेव्हा उत्पादन विभागाने लगेच कौल दिला की परदेशी माणसांना तिखट सोसत नाही, तेव्हा पुढच्या खेपेत मिरची कमी करावी. दोन्ही शब्दांचे अर्थ शब्दकोशात 'तीव्र, उग्र, झोंबणारा' असेच मिळत असल्यामुळे बैठकीतल्या बहुतेकांना तो पटलाही.

मला तो मान्य नव्हता. ज्या ग्राहकाने एकाच पत्रात दोन वेगळे शब्द वापरले आहेत आणि त्यातल्या एकाची स्तुती केली आहे, तो दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असला पाहिजे. 'पंजंट' हा शब्द टोचणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, आणि आमच्या शास्त्रात त्याने तोंडाच्या व नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला होणारी झोंब सांगितली जाते. मोहरी पाण्यात वाटली की जे नाकात चढते ते, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनने जिभेवर जी आग होते ती, ही दोन्ही याच प्रकारची. खरे तर ती ना चव ना वास, तर चेहऱ्याची वेदना आणि उष्णता मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूचे काम आहे. कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा मज्जातंतूवरचा रेणू (इंग्रजीत 'रिसेप्टर') 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला, तेव्हा तोच रेणू सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो हे दिसून आले. 2021 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता, आणि इंग्रजीत तिखटालाही 'हॉट' म्हणतात त्याला शरीरातच आधार आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

'ॲक्रिड' हा शब्द इंग्रजी माणूस बहुधा धूर, जळके रबर, करपलेले तेल यांच्यासाठी वापरतो आणि त्यात कौतुक नसते. माल तपासणाऱ्याने हे शब्द नीट ओळखले पाहिजेत, कारण प्रत्येक शब्द कारखान्यातल्या वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. 'रॅन्सिड' म्हणजे खवट असे लिहून आले तर तेल आणि साठवण तपासायची, 'मस्टी' म्हणजे कुबट असेल तर ओल शोधायची, आणि 'ॲक्रिड' असेल तर थेट भट्टीकडे जायचे.

त्याच दुपारी मी दोन्ही खेपांचे राखीव नमुने काढून परीक्षकांना बसवले. रंगावरून कोणी ओळखू नये म्हणून लाल दिवा लावला आणि झाकणाच्या वाट्यांवर तीन अंकी सांकेतिक क्रमांक घातले. प्रत्येकाला तीन वाट्या दिल्या, त्यांतल्या दोन एकाच खेपेच्या आणि एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचे. जिभेवर एकदा मिरची पडली की पुढचा निवाडा डळमळतो, म्हणून आधी फक्त वास घ्यायला सांगितला. बहुतेकांनी चव न घेताच वेगळी वाटी अचूक उचलली. आमच्यातल्या सर्वांत जुन्या परीक्षक बाईंनी झाकण उघडून लगेच मिटले आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तिखट नाही, करपट आहे. खोबरं लागलंय." तिखटपणा मोजणाऱ्या यंत्राचा अहवाल संध्याकाळी आला आणि त्यात दोन्ही खेपांतील कॅप्सेसिनचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. मिरची कमी केली असती, तर ग्राहकाला जे आवडत होते तेच आम्ही काढून घेतले असते आणि दोष जागच्या जागी राहिला असता.

भाजणीच्या शेडमध्ये गेले तेव्हा ड्रमवरच्या कामगारदादांनी आपणहून सांगितले, "त्या दिवशी डोळे लई चुरचुरत होते. आम्हाला वाटलं, मिरचीचाच खकाणा आहे." मी पाळीची नोंदवही मागवली. त्या पाळीत मिरची भाजलीच नव्हती. फक्त सुके खोबरे आणि तीळ भाजले होते. तेल किंवा चरबी प्रमाणाबाहेर तापली की तिच्यातल्या ग्लिसरॉलपासून ॲक्रोलीन नावाचे द्रव्य तयार होते आणि तेच डोळ्यांना व घशाला झोंबते. त्याच्या नावातला पहिला भाग ज्या लॅटिन शब्दातून आला आहे, त्यातूनच 'ॲक्रिड' आला आहे. ॲक्रोलीन स्वतः लवकर उडून जाते, पण खोबऱ्याला लागलेला करपा मसाल्यात वाटला गेला होता. ड्रमचा तापमापक काढून तपासला, तर तो खऱ्या तापमानापेक्षा बराच कमी आकडा दाखवत होता.

ग्राहकाला पाठवलेल्या उत्तरात मी त्यांचा शब्द जसाच्या तसा ठेवला, तो बरोबर असल्याचे मान्य केले आणि भाजणीतला दोष स्पष्ट लिहिला. खेप परत घेतली गेली, तापमापक बदलला गेला आणि मिरचीच्या प्रमाणाला कोणी हात लावला नाही. परीक्षकांच्या तक्त्यात तोवर 'उग्र' असा एकच रकाना होता. त्याच्या जागी आता झोंबरा, करपट, खवट आणि कुबट असे चार रकाने आहेत.